एकेचाळिसावा डगला

पुण्यात माणसाची पायरी त्याच्या नाकावरून ओळखावी. पायरी जितकी वरची, तितकं नाक नाजूक. आमच्या आळीच्या तोंडाशी आलं की भल्याभल्यांचं उपरणं नाकावर जायचं. वास यायचा, हे मी नाकारत नाही. कातडं कमावतात तिथं केवड्याचा वास कुठून येणार? पण नाक झाकणाऱ्याच्या पायात आमचेच जोडे असायचे, कमरेच्या तलवारीला आमचंच म्यान आणि घोड्यावर आमचंच खोगीर. घरी जाऊन हे लोक भातावर तूप वाढून घेत, ते तूप कातड्याच्या बुधल्यातून शहरात आलेलं असे. भाजी मोटेच्या पाण्यावर पिकलेली, आणि मोट कातड्याची. देवापुढे मृदंग वाजायचा त्यालाही कातडं, आणि जपाला बसायचं ते हरणाच्या कातड्यावर. हरीण मेलं की पवित्र होतं आणि मेंढी मेली की बाटते, हे त्या दोघांना आधी कोणी सांगून ठेवलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

हे मी लिहितोय याचंही काहींना नवल वाटेल. दप्तरातून काढून टाकलेला एक कारकून आमच्याकडे जोडे शिवून घ्यायला यायचा. त्याला मी जोड्यांचे तीन जोड दिले, त्यानं मला अक्षर दिलं. सौदा माझ्या फायद्याचा झाला. जोडे दोन वर्षांत झिजले असतील.

तेव्हा मी तिशीचा होतो. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आई, माझी बायको आणि माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा भाऊ. काम आम्ही दोघं भाऊ करायचो. नारायण पेठेतल्या एका सरदाराच्या घराण्याशी आमचं आजोबांपासूनचं बांधलेलं काम होतं. त्यांच्या पथकाची खोगिरं, लगाम, म्यानं आम्ही करायची, आणि फौज मोहिमेला निघाली की मोडतोड दुरुस्त करायला आमच्या घरातला एक माणूस बरोबर द्यायचा. सरदार स्वतः वर्षातले दहा महिने बाहेर. घर, पथक आणि आम्ही, सगळं त्यांच्या कारभाऱ्याच्या हाती.

हा कारभारी त्या वर्षी आषाढात भर पावसाचा आमच्या दारी आला. दारी म्हणजे गटाराच्या पलीकडे. गटार हीच आमची वेस होती. नोकरानं डोक्यावर छत्री धरली होती, एक हात नाकावर होता, तरी बोलणं स्पष्ट. नाकावर कापड धरून हुकूम सोडायची सवय जन्मभराची असली म्हणजे शब्द अडत नाहीत.

"गेल्या मोहिमेत आमची माणसं उत्तरेत थंडीनं आखडली. तिकडले पठाण लोकरीसकट कातड्याचे डगले घालतात. तुला येतात म्हणे करता."

"येतात, सरकार."

"चाळीस हवेत. आमचा पुतण्या या खेपेला पथक घेऊन जातोय, त्याच्या निवडक स्वारांसाठी. दसऱ्याला निघायचं आहे."

"होतील."

"मेंढीचेच कर. भलतंसलतं कातडं नको."

भलतंसलतं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग काम पक्कं झाल्याची सुपारी द्यायला ते गटाराच्या काठापर्यंत आले. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी सुपारी दीड हात वरून टाकली. आम्हाला काहीही द्यायचं तर ते असंच, वरून. हाताला हात लागता कामा नये. त्यांचा नेम चुकला, सुपारी चिखलात पडली, मी वाकून उचलली. नेम चुकला तरी वाकायचं आम्हीच.

असले डगले पुण्यात मला एकट्याला करता येत होते. त्याचं कारण वाघोलीला उतरणारे घोड्यांचे व्यापारी. दर हिवाळ्यात ते उत्तरेतून घोडे घेऊन येत आणि गावाबाहेर माळावर तळ देत. त्यांच्यात घोडे राखणारा एक म्हातारा कंदाहारी मोतद्दार होता, अंगात आत लोकर आणि बाहेर कातडं असा डगला. त्याला ते लोक पोस्तीन म्हणत. त्याची बाही उसवली होती, ती मी शिवून दिली, आणि शिवताना ते कातडं बोटांत धरून बघतच राहिलो. इतकं मऊ कातडं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याची भाषा मला येईना, माझी त्याला. पण तुरटी दाखवली, मीठ दाखवलं, पीठ दाखवलं, हातानं मळून दाखवलं. एवढ्यावर दोन हिवाळ्यांत मी ते शिकलो. त्यानं शेवटी एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दाखवली होती. लोट्यातलं पाणी डगल्यावर ओतल्यासारखं करायचा आणि मग दोन्ही हातांनी नाही, नाही. पाणी हा तुरटीच्या कातड्याचा वैरी. पावसाची एखादी सर चालते, सावलीत वाळवून पुन्हा मळलं की झालं. पण पाण्यात बुडवलं तर तुरटी धुऊन जाते, आणि मागे उरतं ते कच्चं कातडं. वाळलं की फळी.

मेंढ्यांची कातडी मी धायरीच्या एका धनगराकडून घेतली. आमची मेंढी काबूलची नव्हे, लोकर भरड आणि काळी. पण थंडीला ते कुठं कळतं! धनगर कातडी पाठीवर टाकून स्वतः आणून द्यायचा आणि आमच्या ओट्यावर बसून तंबाखू मळायचा. शहरातून आमच्या ओट्यावर बसणारं तेवढंच एक माणूस, तेही गावचं.

"ह्या तुमच्या सरदाराच्या मानसांस्नी माझ्या मेंढरांची कातडी लागत्यात व्हय?" तो म्हणाला. "आन् मी कधी वाड्यावर दूध घालाया गेलो तर म्हणत्यात, लांबूनच घाल. मेंढरू बरं हाय, धनगर वाईट हाय."

"मेंढरूही जिवंत असेपर्यंतच बरं," मी म्हणालो. तो हसला. माणूस शहाणा होता, पुण्यात राहत नव्हता.

श्रावण आणि भाद्रपद आम्ही दोघा भावांनी त्या कातड्यांत घातले. मांसाची बाजू रापीनं खरवडायची, तुरटी, मीठ, पीठ कालवून लेप द्यायचा, घड्या घालून मुरवायचं, मग लाकडाच्या बोथट कडेवरून ओढत ओढत मळायचं. खरं काम हे मळण्याचं. जितका घाम, तितका मऊपणा. भाऊ मळायला बसला की मला उठवावा लागे. त्याची छाती जन्मापासून कच्ची, पावसाळ्यात श्वास शिट्टीसारखा वाजायचा, पण हात असा की कातडं त्याच्या बोटांत सुती कापडासारखं पडायचं. मी कापायचो बरा. मळावं त्यानंच.

त्या सालची मोहिमेची पाळी माझी होती. तसं ठरलेलंच होतं आणि मी मनाची तयारीही केली होती. भाद्रपदाच्या मध्याला कारभाऱ्याचा निरोप आला. डगल्याची विद्या एकट्याला येते, तेव्हा थोरल्यानं इथं राहावं आणि पुढच्या सालचे डगले करावेत, बरोबर धाकट्याला धाडावं. आई म्हणाली, "अरे, याला पुण्याची थंडी सोसत नाही, तू जाऊन सांग." मी जाऊन सांगितलं. वाड्याच्या दाराबाहेर उभा राहून, एकदा. कारभारी म्हणाले, "छाती कच्ची आहे तर डगला घाल म्हणावं, तुमच्या घरी काय तोटा आहे?" आणि आत गेले. मी परत आलो. खोटं कशाला सांगू, वाटेत मला हायसं वाटलं. बायकोला सातवा महिना होता आणि मला जायचं नव्हतं. कारभाऱ्याला शिव्या घालत घरी आलो म्हणजे आपल्या मनातलं कुणाला दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग मी एकेचाळिसावा डगला केला. चाळिसांतलं उरलेलं कातडं त्याला लावलं नाही, धनगराकडून निवडून दोन पांढरी कातडी आणली. पांढरी मेंढी आमच्याकडे क्वचित. छातीवर आतून काळ्या कोकराच्या कातड्याचा एक तुकडा वेगळा लावला, तळहाताएवढा नव्हे, चांगला दोन वीत रुंद, म्हणजे तिथं लोकर दुहेरी होईल. बाहेरून त्या तुकड्याची शिवण दिसायची, पांढऱ्यावर चौकोन. वडील ढालीच्या गादीला घालायचे तसा दुहेरी टाका मी तिथं घातला. मळला मात्र भावानंच. स्वतःचा डगला स्वतः मळताना हसत होता. म्हणाला, "दादा, एवढा जाड केलास, थंडीच काय, गोळीसुद्धा यायची नाही."

"गोळीचं मी बघत नाही," मी म्हणालो. "थंडी आली तर मला येऊन सांग."

या डगल्यानं त्याला परत आणावं, एवढंच मला हवं होतं. बाकी चाळीस कोणाच्या अंगावर जातात आणि कोणाला ऊब देतात, याचं मला सोयरसुतक नव्हतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी चाळीस डगले वाड्यावर पोचले. मी पाठीवरून उतरवून अंगणाच्या कडेला ठेवले. आजही सांगतो, ते चाळीसच्या चाळीस उत्तम होते. कारभाऱ्यांनी काठीच्या टोकानं एक उचलून पाहिला.

"आता हे शुद्ध करून घ्यायचे," ते म्हणाले.

वाड्यावरचे शास्त्रीबुवा बाजूला उभे होते. अंगानं बारीक, स्वभावानं भित्रे. ते म्हणाले, "प्रोक्षण करू. दर्भानं चार थेंब उडवले की पुरे. शास्त्राला तेवढं चालतं."

"शास्त्राला चालत असेल," कारभारी म्हणाले. "या घराण्याची रीत अशी पातळ नाही. ज्या हातांनी हे केलेत ते हात कोणते, बघा. तीन वेळा नदीत बुडवून काढायचे."

शास्त्रीबुवांनी कारभाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शास्त्राचं मत लगेच बदललं. क्षालनानं अधिक पुण्य, असं ते म्हणाले. शास्त्रापेक्षा सोवळं असण्याची ही हौस पुण्यातच बघावी. शेजारच्या वाड्यात एक आंघोळ तर आमच्यात दोन. माझं मत विचारलं तर देवालासुद्धा हे लोक एकदा धुऊन घेतल्याशिवाय घरात घेणार नाहीत.

मी म्हणालो, "सरकार, पाण्यात बुडवले तर वाया जातील. तुरटीचं कातडं आहे, धुतलं की कडक होतं."

"तू शिवण्याचं बघ. शुद्धाशुद्ध आम्ही बघतो."

"शुद्ध होतील, पण अंगात घालता यायचे नाहीत."

"गंगाजलानं शुद्ध होतं ते बिघडत नाही."

"ही मुठा आहे, सरकार."

माझ्या तोंडून निघून गेलं. अंगणातले दोघंतिघं नोकर खाली बघायला लागले. कारभाऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि मला सांगितलं की उद्या घाटावर हजर राहायचं, डगले पाण्यात घालायचं काम नोकर करतील, पण एखादा वाहून गेला तर धरायला मी खालच्या अंगाला उभा राहायचं. शिक्षाच ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभा होतो. वर पायऱ्यांवर चाळीस डगले रचलेले. कारभाऱ्यांनी गंगेची मोहोरबंद लोटी मागवली होती, तिच्यातले काही थेंब मुठेत टाकून मुठेची गंगा करून घेतली. एवढ्यात शास्त्रीबुवा हात धुवायला म्हणून चार पायऱ्या खाली उतरले आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "काय रे, खरंच बिघडतील का? खरं सांग. बिघडत असतील तर मी त्यांना काहीतरी सांगून प्रोक्षणावर आणतो. मला येतं तेवढं."

या जागेपाशी आलो की माझी लेखणी अडते. मला फक्त हो म्हणायचं होतं. म्हातारा भित्रा होता पण खोटा नव्हता, त्यानं जमवलं असतं. पण कालचा अपमान माझ्या पोटात तसाच होता. चाळीस फळ्या अंगात घालून हे घराणं उत्तरेला निघालेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि ते दृश्य मला इतकं गोड वाटलं की मी हात जोडले.

"शास्त्रापुढे मी काय बोलणार, शास्त्रीबुवा," मी म्हणालो.

ते वर गेले. डगले पाण्यात पडायला लागले. माझ्या भावाचा डगला त्यांत नव्हता. त्याचा घरी खुंटीवर होता, कारण त्याच्या अंगाला लागायचं ते शुद्ध करायची कोणाला गरजच वाटली नव्हती. मी पाण्यात उभा राहून मनातल्या मनात हसत होतो. भावाचा एकट्याचा मऊ राहील आणि यांचे सगळे करकरतील. माझ्या शहाणपणाची उडी तेवढीच.

नवरात्रातल्या कडक उन्हात डगले वाड्याच्या गच्चीवर वाळले. आठव्या दिवशी मला बोलावणं आलं. चाळीस डगले अंगणात भिंतीला टेकून आपापल्या पायांवर उभे होते. बाह्या आडव्या झालेल्या, खाली येईनात. एका नोकराला घालून बघायला लावलं होतं, तो कावळे हाकलायला शेतात उभा केल्यासारखा दिसत होता. मला वाटलं होतं कारभारी संतापतील. पण त्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, "आता कसे भारदस्त दिसतात. तुझे मऊ होते तेव्हा अगदीच चिंध्या वाटत होते."

मी तरी म्हणालो, बहुधा लाजेनं, "पुन्हा मळून देतो, सरकार. आठ दिवस लागतील. मऊ होतील बऱ्यापैकी."

"पुन्हा तुझे हात लागणार?"

"हातांशिवाय कसे मळणार?"

"मग पुन्हा धुवावे लागतील," कारभारी म्हणाले, आणि त्यांना यात काही चमत्कारिक वाटलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या तोंडावर एवढीशीसुद्धा शंका नव्हती. डोकं इतकं स्वच्छ धुतलेलं की आत काही उरलं नव्हतं.

दसऱ्यानंतर फौज वाघोलीच्या माळावर गोळा झाली. मी भावाला पोचवायला गेलो. चाळीस डगले बैलगाडीत लाकडं रचावीत तसे रचले होते. भाऊ ते बघून इतका हसला की त्याला खोकला आला. मग म्हणाला, "दादा, वाटेत मुक्कामाला मी रोज एखाददुसरा मळून देईन. कडक राहिले तर बिचारे काकडतील."

"हात लावू देणार नाहीत तुला."

"विचारतो तर."

आणि तो खरंच गेला विचारायला. कारभाऱ्यांचा पुतण्या घोड्यावर होता, विशीतला, गोरा, नुकत्या मिशा फुटलेला. भावानं हात जोडून काहीतरी सांगितलं. पुतण्यानं घोडा दोन पावलं मागे घेतला आणि मान हलवली. भाऊ परत आला. मी त्याला म्हणालो, "कशाला त्यांची कणव करतोस? तू तुझा डगला घाल आणि गप्प बस." तो म्हणाला, "दादा, तुझं आपलं नेहमीचंच." डगल्याची घडी काखेत मारून तो गाड्यांमागे चालू लागला. तळाच्या टोकाशी वळून त्यानं डगला उंच करून दाखवला. पांढऱ्यावरचा चौकोन मला लांबूनही दिसला.

कार्तिकात मला मुलगा झाला. माघात उत्तरेतून जासूद आला, पण त्याच्या पत्रांत खोगिरं शिवणाऱ्यांची खबर नसते. आई रोज संध्याकाळी विचारायची, तिकडे थंडी सरली असेल का रे. मी म्हणायचो, त्याच्या अंगात डगला आहे.

पथक वैशाखात परत आलं. मी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी वाड्यावर जायला निघालो तर पुतण्याच आमच्या आळीत येताना दिसला. सहा महिन्यांत रापला होता, मिशा दाट झाल्या होत्या. बरोबर नोकर. गटाराच्या पलीकडे थांबला. नाकावर उपरणं होतं. वैशाखाचं ऊन असून त्याच्या हातावर एक डगला होता, पांढरा, मळलेला, उजवी बाही खांद्यापाशी फाटलेली. छातीवर चौकोन.

"हा नीट करून दे," तो म्हणाला. "आणि असाच आणखी एक कर, काकांसाठी. बाकीचे सगळे टाकून द्यावे लागले. काय केलं होतंस तू त्यांचं? वाकेनात, बसेनात. लोकांनी पौषात ते फोडून शेकोटीत घातले, तर नुसता धूर."

मी विचारलं, "माझा भाऊ?"

"हो, ते सांगायचंच होतं." त्याचा आवाज जरा खाली आला, तेवढं त्याचं श्रेय त्याला देतो. "पौषातच गेला. छातीत कफ झाला होता. तीन दिवसांत आटोपलं."

"हा डगला त्याचा आहे."

"हो. थंडी फारच पडली, दवबिंदू गोठायचे. आम्ही मागितला, त्यानं लगेच काढून दिला. नाही म्हणाला नाही. बरा माणूस होता."

आमच्या घरातून आई बाहेर येऊन उंबऱ्यात उभी राहिली होती. तिनं किती ऐकलं मला माहीत नाही. मी काय विचारलं असेल? माणसाची जीभ अशा वेळी कुठंही जाते. मी विचारलं, "आणि शुद्ध कसा करून घेतलात?"

पुतण्याला प्रश्न अगदी सरळ वाटला. "आपद्धर्म होता. पाण्यात नाही घातला. दर्भानं चार थेंब उडवले. शास्त्राला तेवढं चालतं. आणि धुतला असता तर हाही कडक झाला असता ना," तो म्हणाला, मला काहीतरी नवीन सांगत असल्यासारखा.

सहा महिन्यांत त्या घराण्यातलं कोणीतरी एक गोष्ट शिकलं होतं. ती मी घाटावर एका शब्दात शिकवू शकलो असतो. चाळीस डगले मऊ असते तर एकेचाळिसावा कोणी मागितला नसता. या माणसांच्या मूर्खपणाचा तिरस्कार मी जन्मभर केला, आजही करतो, आणि तो खोटा आहे असं मला कोणी पटवू शकणार नाही. पण त्या मूर्खपणाची मौज बघायला मी माझ्या भावाची ऊब लावली होती, हे त्यांनी नव्हे, मी केलं.

मी गटारापाशी गेलो आणि दोन्ही हात पुढे केले. त्या माणसानं दोन महिने माझ्या भावाचा डगला अंगात घातला होता. त्याचा घाम, त्याचा खोकला, त्याच्या हातांनी मळलेला मऊपणा, सगळं कातडीला कातडी लावून वापरलं होतं. त्यानं डगला दीड हात वर धरला आणि वरूनच सोडला.

महिन्याभरानं नोकर डगला न्यायला आला. मी सांगितलं, अजून झाला नाही. पुन्हा आला, पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला कारभारी स्वतः आले, गटाराच्या पलीकडे, छत्रीखाली, आषाढ लागला होता.

"डगला कुठं आहे?"

"सरकार, माझे हात लागले होते," मी म्हणालो. "आपल्या घराण्याची रीत पातळ नाही, म्हणून नदीत तीन वेळा बुडवून काढला. कडक झाला. मोडून टाकला."

त्यांना राग आला होता, पण रागवायचं कशावर ते सापडेना. मी खोटं बोलतोय म्हणावं तर शोधायला गटार ओलांडून आमच्या घरात यावं लागलं असतं. शेवटी ते म्हणाले, "मग दुसरा कर."

"आता मळणारा नाही," मी म्हणालो.

ते गेले. डगला तेव्हाही आत खुंटीवर होता, आजही आहे. उजवी बाही मी शिवली. माझ्या मुलाला तो बसतो, पण आईनं ती असेपर्यंत त्याला घालू दिला नाही आणि नंतर मीही दिला नाही. दर वर्षी थंडी लागली की मी तो खाली काढतो आणि लाकडाच्या कडेवरून ओढत मळतो. मला भावासारखं जमत नाही, बाह्या जरा राठ झाल्या आहेत. छातीवरचा काळा तुकडा अजून मऊ आहे.